आपोआप होणारं अपडेट अडलं की मी काय करते

आईच्या संगणकावर उबुंटू ही लिनक्स सिस्टिम मीच बसवून दिलीय, त्यामुळे तिथं काही खुट्ट झालं की फोन मला येतो. त्या दिवशी ती म्हणाली, "अगं, वर कोपऱ्यात लाल गोल आलाय, आत पांढरी आडवी रेघ. मी कशालाही हात लावलेला नाही हं." खरंच तिनं हात लावला नव्हता. लावला होता मी, सात महिन्यांपूर्वी, आणि पार विसरून गेले होते.

लाल गोल तिच्या नजरेस त्या दिवशी पडला एवढंच. लॉग, म्हणजे यंत्रानं लिहिलेल्या नोंदी, उघडून बघितले तर एकोणीस दिवस रोज तीच ओळ उमटलेली: पॅकेजं (म्हणजे प्रोग्रामचे गठ्ठे) मोडलेल्या अवस्थेत आहेत, म्हणून बाहेर पडतोय. एकोणीस दिवसांत एकही सुरक्षा-अपडेट बसलं नव्हतं आणि संगणक मात्र एरवीसारखा झकास चालत होता. या दुखण्याची खोड हीच. दुखत काहीच नाही.

मी तीन यंत्रं सांभाळते: माझा डेबियनवाला लॅपटॉप, घरातला एक छोटा सर्व्हर आणि आईचा संगणक. तिन्हीकडे अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पॅकेज आपोआप अपडेट करतं. पुढचं सगळं डेबियन, उबुंटू, मिंट या कुळातल्या, म्हणजे पॅकेजं आणून बसवायला एपीटी हा प्रोग्राम वापरणाऱ्या सिस्टिमसाठी आहे.

आज्ञांबद्दल एक सांगून ठेवते. आईला फोनवर जशा उच्चारून सांगते तशाच त्या इथं देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं, तीही बहुतेक सगळी लहान. "सुडो" म्हणजे एस-यू-डी-ओ, "डीपीकेजी" म्हणजे तीच चार अक्षरं; एपीटीच्या हाताखाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा प्रोग्राम तो. आईला जमतं, तुम्हालाही जमेल.

नावातच उत्तर आहे

अनअटेंडेड म्हणजे समोर कुणी बसलेलं नाही. तुम्ही स्वतः अपडेट करता तेव्हा एपीटी मधेच विचारतं: हे पॅकेज काढावं लागेल, चालेल का? ही सेटिंगची फाइल तुम्ही बदललीये, तुमची ठेवू की नवी घेऊ? पहाटे सहा वाजता हे विचारायला कुणीच नसतं. मग तो प्रोग्राम शहाण्यासारखा त्या पॅकेजला हात न लावता परत जातो. म्हणून अपडेट अडलं की मी "काय बिघडलं" हे शोधत नाही, "कुठला प्रश्न विचारायचा राहिला" ते शोधते. दहापैकी नऊ वेळा तो प्रश्न मीच कधीतरी बाहेरून आणून बसवलेल्या एखाद्या पॅकेजपाशी जाऊन पोचतो.

आधी बघा, खरंच अडलंय का

दोन गोष्टी बिघाडासारख्या दिसतात आणि बिघाड नसतात.

एक, लॉक, म्हणजे एका वेळी एकाच प्रोग्रामला काम करू देणारं कुलूप. तुम्ही एपीटी चालवता आणि ते म्हणतं, लॉक मिळत नाही, अमुक क्रमांकाच्या प्रोसेसकडे आहे. प्रोसेसच्या क्रमांकाशेजारी कंसात अनअटेंडेड-अपग्रेडचं नाव अर्धवट कापलेलं दिसलं, तर त्याचा अर्थ इतकाच की अपडेट या क्षणी चालू आहे. दहा-पंधरा मिनिटं दुसरं काम करा. "लॉकची फाइल उडवून टाका" असा सल्ला जागोजागी सापडतो, तो ऐकू नका. ती फाइल कायमच तिथं असते. खरं लॉक कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, असतं आणि प्रोसेस संपली की आपोआप सुटतं. फाइल उडवली की दोन प्रोग्राम एकाच वेळी डीपीकेजीच्या दप्तरात लिहू लागतात, आणि मग जे होतं ते निस्तरायला अख्खा दिवस जातो.

दोन, टप्प्याटप्प्यानं येणारी अपडेट. उबुंटू साधी अपडेट एकदम सगळ्यांना देत नाही. आधी थोड्या टक्के यंत्रांना देतं, तक्रारी आल्या नाहीत तर टक्केवारी वाढवत नेतं. तुमच्या यंत्राची पाळी आली नसेल तर ते पॅकेज "केप्ट बॅक" म्हणजे मागे ठेवलेल्यांच्या यादीत दिसतं. एपीटी पॉलिसी आणि पुढे पॅकेजचं नाव असं विचारलं की आवृत्तीशेजारी "फेज्ड" आणि टक्केवारी दिसते. दिसली तर काही करू नका. सुरक्षा-अपडेट अशी टप्प्यांनी येत नाहीत, त्यामुळे थांबण्यात धोका नाही. मी एकदा याच "बिघाडा"वर एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, म्हणून सांगते.

लॉग वाचा, तेही योग्य क्रमानं

व्हार, त्यात लॉग, त्यात अनअटेंडेड-अपग्रेड्स नावाचा फोल्डर. तिथं दोन फाइली महत्त्वाच्या. अनअटेंडेड-अपग्रेड्स डॉट लॉग ही रोजनिशी: आज कोणती पॅकेजं घ्यायचं ठरवलं, कोणती सोडली, शेवट कसा झाला. दुसरी, नावाच्या शेवटी डीपीकेजी असलेली, तिच्यात प्रत्यक्ष बसवताना पडद्यावर जे उमटलं असतं ते सगळं. शिवाय व्हार-लॉग-एपीटी या फोल्डरात हिस्टरी डॉट लॉग आणि टर्म डॉट लॉग असतात. कुठल्या तारखेला कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीवरून कुठल्या आवृत्तीवर गेलं, ते हिस्टरीत मिळतं.

चूक सगळेच एक करतात, शेवटची ओळ वाचतात. शेवटची ओळ म्हणजे परिणाम. आईच्या संगणकावर मी एकोणीस दिवस मागे, जिथं पहिल्यांदा रडारड सुरू झाली तिथपर्यंत सरकत गेले, आणि खरं कारण तिथं होतं. जुन्या नोंदी दाबून ठेवलेल्या असतात, फाइलच्या नावाला शेवटी जीझेड लागलेलं असतं. त्या झेडलेस या आज्ञेनं वाचता येतात.

लॉग वाचूनही कळेना, तर लुटुपुटीचा प्रयोग करा:

सुडो अनअटेंडेड-अपग्रेड --ड्राय-रन --डीबग

यात आज्ञेच्या शेवटी एस नाही, एकवचन आहे. काहीही न बसवता तो प्रोग्राम प्रत्येक पॅकेजबद्दल आपला विचार मोठ्यानं बोलून दाखवतो. हे पॅकेज परवानगीच्या यादीतल्या रेपोतून, म्हणजे पॅकेजांच्या कोठारातून, आलेलं नाही म्हणून सोडलं, हे काळ्या यादीत आहे म्हणून सोडलं, वगैरे. फार बडबड करतो, पण उत्तर त्यातच असतं.

फाइल एक, मालक दोन

आता आईच्या संगणकाची गोष्ट सविस्तर सांगते, कारण पॅकेजांचं खरंखुरं भांडण हेच.

एकोणीस दिवसांपूर्वीच्या नोंदीत डीपीकेजी म्हणत होतं: मी ही फाइल लिहायला गेलो, पण ती आधीच दुसऱ्या एका पॅकेजच्या नावावर आहे. मूळ इंग्रजी संदेशात "ट्राइंग टु ओव्हरराइट" हे शब्द असतात, ते शोधा. डीपीकेजीचा नियम साधा आहे. डिस्कवरच्या प्रत्येक फाइलचा मालक एकच. नव्या पॅकेजला दुसऱ्याची फाइल हक्कानं घ्यायची असेल, तर त्यानं तसं आधी जाहीर करावं लागतं. त्यासाठी पॅकेजच्या माहितीत रिप्लेसेस, ब्रेक्स, कॉन्फ्लिक्ट्स अशी खाती असतात. एकाच डिस्ट्रोतली, म्हणजे उबुंटू किंवा डेबियनसारख्या एकाच सिस्टिमची, पॅकेजं बनवणारे लोक ही खाती आपापसात जुळवून भरतात. बाहेरच्या कंपनीला यातलं काही माहीत नसतं आणि पर्वाही नसते.

मालक कोण ते असं विचारायचं:

डीपीकेजी -एस आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता

इथला एस मोठा, कॅपिटल. उत्तर आलं ते एका छपाईयंत्राच्या ड्रायव्हरच्या पॅकेजचं. सात महिन्यांपूर्वी आईचं नवं छपाईयंत्र चालेना, तेव्हा मी कंपनीच्या साइटवरून डेब फाइल, म्हणजे सुटं पॅकेज, उतरवून घाईघाईत बसवली होती. त्या ड्रायव्हरनं छपाईशी संबंधित एक फाइल सिस्टिमच्या फोल्डरात टाकली होती. पुढे उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेजच्या नव्या आवृत्तीत त्याच नावाची फाइल आली आणि दोघांची टक्कर झाली.

टक्कर झाली एका पॅकेजची. मग बाकीची सगळी का अडली? ते पॅकेज आणि त्याची लायब्ररी (प्रोग्रामना लागणारा सामाईक कोड) ही जोडगोळी होती, दोघांची आवृत्ती तंतोतंत एकच हवी अशी अट होती. लायब्ररी नवी उलगडून झाली आणि पॅकेज मात्र जुन्यावरच राहिलं. अट मोडली. एखादी जरी अट मोडलेली असेल, तरी अनअटेंडेड-अपग्रेड्स त्या दिवसापासून कशालाच हात लावत नाही.

मी आधी उत्साहानं हे चालवलं:

सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

तीच टक्कर, तोच संदेश. मग म्हटलं, ड्रायव्हर काढू:

सुडो एपीटी रिमूव्ह आणि पुढे ड्रायव्हरचं नाव

एपीटी म्हणालं, आधी मोडलेलं नीट करा. नीट करायला गेलं तर ड्रायव्हर आडवा, आणि ड्रायव्हर काढायला गेलं तर मोडलेलं आडवं. अशा वेळी एपीटीला बाजूला ठेवून थेट खालच्या मजल्यावर जायचं. डीपीकेजी सगळ्या सिस्टिमचा विचार करत नाही, सांगितलेल्या पॅकेजपुरतं बघतं:

सुडो डीपीकेजी --रिमूव्ह आणि पुढे ड्रायव्हरचं नाव

त्या ड्रायव्हरवर दुसरं काहीच अवलंबून नव्हतं, त्यामुळे तो मुकाट्यानं गेला. त्यानंतर वरची फिक्स-ब्रोकनवाली आज्ञा एका दमात पार झाली, आणि मग एकोणीस दिवसांची थकलेली अपडेट रांगेनं बसली. आईनं विचारलं, "मग आता छापायचं कसं?" छापून बघितलं तर छपाई होत होती. अलीकडची बरीच छपाईयंत्रं नेटवर्कवरून ड्रायव्हरशिवायच कप्सशी, म्हणजे लिनक्सच्या छपाई-व्यवस्थेशी, बोलतात. म्हणजे ज्या पॅकेजमुळे एवढं रामायण झालं त्याची गरजच नव्हती.

डीपीकेजीला --फोर्स-ओव्हरराइट असा एक पर्याय देता येतो: भांडू नकोस, लिही त्या फाइलवर. मी तो आजवर दोनदाच वापरलाय. दोन्ही वेळा दोन्ही पॅकेजं डेबियनचीच होती, फाइल मदतीच्या पानाची होती आणि चूक पॅकेज बनवणाऱ्याची आहे हे उघड दिसत होतं. बाहेरच्या पॅकेजच्या बाबतीत हा पर्याय म्हणजे भांडण मिटवणं नव्हे, पुढच्या महिन्यावर ढकलणं.

बाहेरून आलेलं सगळं एकदा मोजा

या प्रकरणानंतर मी तिन्ही यंत्रांवर एक आज्ञा चालवली:

एपीटी लिस्ट --इन्स्टॉल्ड

यादी लांबलचक येते. तिच्यात ज्या ओळीच्या शेवटी "लोकल" शब्द असतो, ते पॅकेज सध्याच्या कुठल्याच रेपोत या आवृत्तीत नाही. एकतर ते हातानं डेब फाइलीवरून बसवलेलं असतं, नाहीतर आधीच्या डिस्ट्रो-आवृत्तीतून मागे राहिलेलं असतं. ग्रेप लावून तेवढ्याच ओळी काढा. आईकडे चार निघाली, माझ्या लॅपटॉपवर सव्वीस. सव्वीस! त्यातली एकोणीस कशासाठी आणली होती, ते मला सांगता येईना.

अशा अनाथ पॅकेजांना अपडेट कधीच येत नाही. त्यांना लागणारी लायब्ररी डिस्ट्रोतून गेली की ती रस्ता अडवून बसतात. उबुंटू 22.04 मध्ये ओपनएसएसएल 3 (एन्क्रिप्शनचं काम करणारी लायब्ररी) आलं आणि जुन्या 1.1 ची लायब्ररी रेपोतून गेली. तेव्हा कित्येकांनी जुनी डेब फाइल कुठूनतरी आणून बसवली. प्रोग्राम चालू झाला, पण त्या लायब्ररीला सुरक्षा-अपडेट देणारं मागे कुणी राहिलं नाही.

दुसऱ्या रेपोचा पाहुणा

माझ्या लॅपटॉपचं दुखणं वेगळं होतं. तिथं लाल गोल नव्हता, चूक नव्हती, फक्त व्हिडिओच्या चार लायब्रऱ्या पुढे सरकतच नव्हत्या. यातला सगळ्यात उपयोगी प्रश्न हा:

एपीटी पॉलिसी आणि पुढे पॅकेजचं नाव

उत्तरात आधी बसलेली आवृत्ती, मग उमेदवार आवृत्ती, म्हणजे एपीटीला संधी मिळाली तर ती कुठली बसवेल, आणि खाली सगळ्या उपलब्ध आवृत्त्या, त्या कुठल्या रेपोतून येतात त्यासह. प्रत्येकीपुढे एक आकडा असतो, तो प्राधान्याचा. साध्या रेपोचं प्राधान्य 500, नुसत्या बसलेल्या आवृत्तीचं 100. प्राधान्य सारखं असेल तर मोठी आवृत्ती जिंकते.

आणि "मोठी" या शब्दातच गोम आहे. डेबियनच्या आवृत्तीत सुरुवातीला विसर्गासारखी दोन टिंबं असू शकतात. टिंबांच्या आधीचा आकडा म्हणजे इपॉक. तुलना करताना तो सगळ्यात आधी बघितला जातो. 7:6.1 आणि 10:5.1 यांत मोठी कोणती? दुसरी. आत कोड जुना असला तरी. मी कधीकाळी एक बाहेरचा रेपो जोडला होता. तो मुद्दाम मोठा इपॉक लावतो, म्हणजे त्याचीच पॅकेजं टिकून राहावीत. तो रेपो मागे पडला, डेबियननं त्याच लायब्ररीचं सुरक्षा-अपडेट काढलं, आणि एपीटीच्या हिशेबानं माझ्याकडे आधीच "मोठी" आवृत्ती होती. त्यानं काहीच केलं नाही, आणि त्याच्या बाजूनं ते बरोबरच होतं.

त्यात अनअटेंडेड-अपग्रेड्सची आणखी एक अट. त्याच्या सेटिंगमध्ये ज्या रेपोंना परवानगी आहे त्यांचीच पॅकेजं तो घेतो. डिस्ट्रोच्या एखाद्या अपडेटला बाहेरच्या रेपोतलं पॅकेजही बरोबर हलवावं लागणार असेल, तर तो दोन्ही सोडून देतो.

उपाय असा. जोडलेल्या रेपोंच्या फाइली ईटीसी-एपीटी खालच्या सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी या फोल्डरात असतात. जुन्या पद्धतीच्या फाइलीत ती ओळ आधी हॅश लावून बंद करा, नव्या डॉट सोर्सेस पद्धतीच्या फाइलीत "इनेबल्ड: नो" लिहा. मग एपीटी अपडेट चालवा. रेपो बंद केला तरी बसलेली पॅकेजं तशीच राहतात, त्यांना हातानं मागे आणावं लागतं:

सुडो एपीटी इन्स्टॉल पॅकेज=आवृत्ती

बरोबरीच्या चारही लायब्रऱ्या एकाच आज्ञेत, प्रत्येकीची आवृत्ती लिहून द्या. एकेक करत गेलात तर प्रत्येक जण उरलेल्या तिघांचं कारण सांगत बसतो. उबुंटूवर पीपीएतून, म्हणजे कुणीतरी स्वतंत्रपणे चालवलेल्या रेपोतून, आलेलं असेल तर पीपीए-पर्ज हे छोटं साधन हेच काम परस्पर करतं. आवृत्ती मागे आणण्याची हमी डेबियन देत नाही हे लक्षात ठेवा. लायब्ररीच्या बाबतीत सहसा निभतं. डेटाबेस सर्व्हरच्या बाबतीत मी स्वप्नातही करणार नाही, कारण नव्या आवृत्तीनं माहितीची मांडणीच बदललेली असू शकते.

आणि हो, कधीकधी पाहुणा वगैरे कुणी नसतो, तुम्हीच पॅकेज धरून ठेवलेलं असतं:

एपीटी-मार्क शोहोल्ड

यात काही नाव आलं तर ते कुणीतरी मुद्दाम गोठवलंय. अनहोल्ड म्हटलं की सुटतं. "तुम्ही मोडकी पॅकेजं धरून ठेवलीत" असा एपीटीचा प्रसिद्ध संदेश आला तर मात्र गोंधळू नका. बहुतेक वेळा तुम्ही काहीच धरलेलं नसतं. आपल्याला तोडगा सापडला नाही, हे सांगायची ती त्याची पद्धत आहे.

तोडगा का सापडत नाही, ते त्याच्याकडूनच वदवायचं असेल तर आज्ञेत -ओ डीबग::पीकेजीप्रॉब्लेमरिझॉल्व्हर=येस जोडा. किंवा ॲप्टिट्यूड बसवलेलं असेल तर ॲप्टिट्यूड व्हाय-नॉट आणि पॅकेजचं नाव. ते साखळी उलगडून दाखवतं. एपीटीची फार चेष्टा करू नये. सगळ्या अटी पाळून पॅकेजांचा मेळ घालणं हे गणिताच्या भाषेत एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे सगळ्यात वाईट प्रसंगी झटपट उत्तराची खात्री देणारी युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. एपीटीच्या 3.0 मध्ये नवा सॉल्व्हर, म्हणजे हा मेळ घालणारा भाग, आलाय, तो डेबियन 13 मध्ये आहे. --सॉल्व्हर 3.0 असं जोडून तो वापरता येतो.

जुळी भावंडं

बत्तीस बिटांचे जुने खेळ वगैरे चालवायला एकाच लायब्ररीच्या दोन प्रती लागतात, बत्तीस बिटांची आय 386 आणि चौसष्ट बिटांची एएमडी 64. या दोघींची आवृत्ती अक्षरशः एक असावी लागते. एक पुढे गेली आणि दुसरी कुठल्यातरी बाहेरच्या रेपोमुळे मागे राहिली की दोघी अडतात. एपीटी पॉलिसीमध्ये नावापुढे दोन टिंबं देऊन आय 386 लिहिलं की जुळ्या बहिणीची आवृत्ती कळते. दोन्ही एकाच आज्ञेत एकाच आवृत्तीवर आणा.

नाव बदललेल्या लायब्रऱ्याही असाच घोळ घालतात. 2038 साली 32 बिटांचं घड्याळ उलटणार म्हणून डेबियननं 2024 मध्ये शेकडो लायब्रऱ्यांच्या नावांना टी64 जोडलं. नवं नाव आलं म्हणजे जुनं पॅकेज काढावं लागतं, आणि साधं एपीटी अपग्रेड काहीही काढत नाही. काढायची परवानगी फुल-अपग्रेडला असते. पण ते आधी लुटुपुटीनं चालवा:

एपीटी -एस फुल-अपग्रेड

इथला एस लहान. "काढली जातील" ही यादी पूर्ण वाचा. जुन्या लायब्रऱ्या असतील तर ठीक. डेस्कटॉपचं किंवा नेटवर्क-मॅनेजरचं नाव दिसलं तर हात मागे घ्या. आणि फुल-अपग्रेडला -वाय कधीही जोडू नका. हा एवढा एकच प्रश्न तुम्हाला वाचवणार असतो.

बदललेली सेटिंगची फाइल

सर्व्हरवर हे सगळ्यात जास्त होतं. ईटीसीमधली एखादी फाइल तुम्ही संपादित केलेली असते, नव्या पॅकेजमध्ये तिची नवी प्रत येते. रोजनिशीत "कॉन्फफाइल प्रॉम्प्ट" असे शब्द आणि हे पॅकेज हातानं अपग्रेड करा असा निरोप असतो. हातानं एपीटी अपग्रेड चालवा. प्रश्न आला की डी दाबून फरक बघा, मग आपली ठेवायची तर एन, नवी घ्यायची तर वाय. कुठलीही घेतली तरी दुसरी प्रत शेजारी जपून राहते, डीपीकेजी-डिस्ट किंवा डीपीकेजी-ओल्ड असं शेपूट लागून.

हा प्रश्नच येऊ नये अशी सोय एपीटीच्या सेटिंगमध्ये आहे: डीपीकेजीला फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड हे पर्याय द्यायचे, म्हणजे तुमची फाइल गुपचूप तशीच राहते. आईच्या संगणकावर मी ते करून टाकलंय. सर्व्हरवर नाही. तिथं नवी सेटिंग काय म्हणतेय ते मला वाचायचं असतं.

अर्धवट राहिलेलं काम

अपडेटची वेळ सकाळी सहाची, किंवा त्यापुढे तासाभरात कधीही. पण त्या वेळी यंत्र बंद असेल तर ते सुरू केल्यावर थोड्या वेळात काम निघतं. आई दहा मिनिटांसाठी संगणक लावते आणि बटण दाबून बंद करते, म्हणजे नेमकी वाईट वेळ. असं मधेच तुटलं तर:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

डीपीकेजी --ऑडिट म्हटल्यावर काहीच उमटलं नाही तर सगळं ठीक. डीपीकेजी -एल च्या यादीत डावीकडे आय-आय असेल तर उत्तम, आय-यू किंवा आय-एफ असेल तर ते पॅकेज अर्धवट आहे. आर-सी दिसलं तर सोडून द्या, काढलेल्या पॅकेजच्या सेटिंग तेवढ्या उरल्यात.

कॉन्फिगर पुन्हा पुन्हा एकाच पॅकेजवर अडत असेल, तर भांडण पॅकेजांत नसून बाहेर असतं. माझ्या सर्व्हरवर एक वेबसर्व्हर असाच अडायचा, कारण 80 क्रमांकाच्या पोर्टवर दुसरा आधीच बसला होता. कर्नलचं पॅकेज अडलं तर दोन गोष्टी तपासा. डीएफ -एच चालवून बूट विभाग भरलाय का ते बघा. भरला असेल तर जुनी कर्नलं ऑटोरिमूव्हनं काढा. नसेल भरला तर डीकेएमएसचं (बाहेरचे ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी नव्यानं बांधणारं साधन) एखादं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बांधलं जात नसेल, त्याची मेक डॉट लॉग फाइल व्हार-लिब-डीकेएमएस खाली मिळते.

सगळ्यात वाईट प्रसंग, काय काय बसलंय याची नोंद ठेवणारी डीपीकेजीची स्टेटस फाइलच खराब होण्याचा. माझ्यावर तो एकदा आलाय. व्हार-बॅकअप्समध्ये तिच्या मागच्या काही दिवसांच्या प्रती आपोआप ठेवलेल्या असतात, नाव डीपीकेजी डॉट स्टेटस आणि पुढे आकडा. हे त्या रात्री मला माहीत नव्हतं. मी सगळी सिस्टिम नव्यानं बसवली.

नीट झाल्यावर

ईटीसी-एपीटी-एपीटी डॉट कॉन्फ डॉट डी मध्ये 50 आकड्यानं सुरू होणारी अनअटेंडेड-अपग्रेड्सची फाइल आहे, ती एकदा निवांत वाचा. मिनिमल-स्टेप्स चालू ठेवा, म्हणजे अपडेट लहान लहान तुकड्यांत होतं आणि मधेच तुटलं तरी नुकसान कमी. वारंवार भांडणारं एखादं पॅकेज काळ्या यादीत टाका, बाकीच्यांचा रस्ता तरी मोकळा होईल. पण टाकलं की ते आता तुमच्या गळ्यात, त्याची अपडेट हातानं करायची. बाहेरचे रेपो परवानगीच्या यादीत घालायचा मोह होतो. मी एकच घातलाय, ब्राउझरचा. तो दुसऱ्या कुणाच्या लायब्रऱ्यांना हात लावत नाही म्हणून.

बाकी मी एक वही केली आहे, कागदाची. यंत्रागणिक एक पान. बाहेरून काही बसवलं की तारीख, पॅकेज, कुठून आणलं आणि कशासाठी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिन्ही यंत्रांची रोजनिशी बघते आणि वहीशी ताडते. आईच्या पानावर पहिली ओळ अशी आहे: छपाईयंत्राचा ड्रायव्हर, कंपनीच्या साइटवरून, हातानं. त्यावर लाल पेनानं काट मारलेली आहे. खाली आईनं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "बटण दाबून बंद करायचं नाही."